लाल यादीतली मुले

मुलांच्या नोंदी पाहून कोणते मूल शाळा सोडण्याच्या बेतात आहे हे हेरणाऱ्या, शाळांमधल्या नव्या डेटा समित्यांचा विषय कट्ट्यावर निघाला आणि आमच्या तज्ज्ञांना आवरणे अशक्य झाले. ‘तज्ज्ञ’ ही पदवी आम्हीच चेष्टेने दिलेली; ती त्यांनी मनापासून स्वीकारली, हा आमचा दोष नव्हे. हजेरी, वर्तन आणि गुण एवढे तीन आकडे हाती आले की कोणते मूल शाळा सोडणार हे संगणक बिनचूक सांगतो, तेव्हा शिक्षकांच्या अंदाजांना आता रजा द्यावी, असे त्यांनी हवेत बोटाने आलेख काढत जाहीर केले.

‘‘धोक्यातल्या मुलाचे नाव यादीत लाल झाले, हे समजले,’’ ताई म्हणाल्या. त्या स्वतः अशा समितीत बसतात. ‘‘पण सोमवारी त्या मुलाशी बोलणार कोण, हे तुमचा रंग सांगतो का?’’

तज्ज्ञांनी लगेच शिकागोचा दाखला फेकला. तिथल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले होते की नववीच्या वर्षी जे विद्यार्थी ‘मार्गावर’ असतात, ते चार वर्षांत शालेय शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपटीहून अधिक असते. ताईंनी हा दाखला नाकारला नाही, उलट तो तज्ज्ञांवरच उलटवला. वरच्या वर्गात जाण्याइतके विषय पूर्ण झाले आहेत का आणि मुख्य विषयांत एकाहून अधिक सत्रांत नापासाचा शेरा नाही ना, एवढेच तिथे पाहिले जात होते. ते कोणत्याही शिक्षकाला कागदावर मोजता आले असते, आणि म्हणूनच वर्ष संपण्याआधी काही हालचाल करणे शक्य झाले.

इथे अण्णांना स्फुरण चढले. मुख्याध्यापक असताना आपण मुलांचे चेहरे पाहूनच सारे ओळखत असू, असे ते म्हणाले. अण्णांना आजही आमची नावे आठवत नाहीत, हे कोणीतरी हळूच सुचवले. ताईंनी मात्र त्यांना गंभीर उत्तर दिले: दंगा करणारे मूल सर्वांनाच दिसते, पण महिन्यातून दोन दिवस गुपचूप गैरहजर राहणारे शांत मूल कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही, आणि वर्षाचे दहा टक्के दिवस नेमके असेच निसटतात. त्यांच्या समितीपुढे एका मुलाची गैरहजेरी आली होती. दिवसांऐवजी तासिका लावून पाहिल्या, तेव्हा तो फक्त पहिल्याच तासिकेला नसतो, असे दिसले. विचारल्यावर कळले की धाकट्या बहिणीला तिच्या शाळेत सोडून तो येत असे. त्याची गणिताची जादा शिकवणी सकाळच्या ऐवजी दुपारी घेतली, आणि तक्त्यातल्या ‘कोणी, काय, कधीपर्यंत’ या एरवी कोऱ्या राहणाऱ्या रकान्यात प्रथमच एका शिक्षकाचे नाव आणि तारीख पडली.

‘‘हा अपवाद झाला,’’ तज्ज्ञ उद्गारले. ‘‘प्रणाली लाखोंसाठी असते.’’

‘‘अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची प्रणालीही लाखोंसाठीच होती,’’ ताईंनी सुनावले. त्या राज्यात २०१२ पासून वापरात असलेल्या अंदाजयंत्रणेची ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी २०२३ मध्ये छाननी केली, तेव्हा मूल वेळेत उत्तीर्ण होणार नाही असे तिचे भाकीत सुमारे तीन-चतुर्थांश वेळा चुकीचे ठरले होते, आणि असा खोटा इशारा कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांच्या वाट्याला गोऱ्या मुलांपेक्षा अधिक येत होता. एकदा लाल ठरलेल्या मुलाकडे शिक्षकही त्याच नजरेने पाहू लागले, तर यंत्र चुकले होते हे पुढे सिद्ध तरी कसे व्हायचे? मला हा प्रश्न बिनतोड वाटला. तज्ज्ञांनी त्यावर ‘मॉडेल सुधारता येते’ एवढेच म्हटले आणि पुन्हा आलेख काढला.

इतका वेळ गप्प असलेल्या वकिलांना आता जुने दुखणे आठवले. महाविद्यालयात तज्ज्ञांची हजेरी तेच आवाज बदलून लावत असत; एकदा पकडले गेल्यावर प्राध्यापकांनी शिक्षा म्हणून वकिलांनाच गैरहजर लिहिले, तज्ज्ञांची हजेरी मात्र खोडायची राहून गेली.

‘‘म्हणजे वर्गात बसलेला लाल आणि घरी झोपलेला हिरवा!’’ ताई म्हणाल्या.

‘‘आकड्यांतल्या अशा गोंधळाला आमच्या शास्त्रात नॉईज म्हणतात,’’ तज्ज्ञांनी गंभीरपणे खुलासा केला, आणि त्यानंतर कट्ट्यावर कोणाचेच बोलणे कोणाला ऐकू येईना.