एक प्रत शाबूत असूनही फिट का येते?

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. गाबा हे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीवर त्याचा संदेश घेणारं प्रथिन. या रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक शाबूत असेल तर निम्मे रिसेप्टर उरतात, मग फिट का यावी? आणि औषधं शेवटी तीच द्यायची, तर जनुकीय चाचणी कशाला?

आधी ते निम्म्याचं गणित. गाबा-ए हा गाबाच्या रिसेप्टरचा एक प्रकार; तो पाच प्रथिन-घटक जुळून बनतो. बहुतेक ठिकाणी दोन अल्फा, दोन बीटा, एक गॅमा. बीटाची एक प्रत बिघडली आणि सदोष बीटाही जुळणीत तितक्याच सहज शिरला, तर दोन्ही बीटा चांगले असलेला रिसेप्टर चारांत एकच निघतो. गॅमा मात्र एकच लागतो, म्हणजे तिथे तुमचं म्हणणं खरं ठरायला हवं. तरीही गॅमाच्या जीएबीआरजी२ जनुकातल्या क्यू३९०एक्स या बदलात ते खरं ठरत नाही. प्रथिन अर्धवट तयार होतं, पेशीच्या आतच अडकतं आणि चांगल्या अल्फा-बीटांनाही धरून ठेवतं. पेशीच्या पृष्ठभागावर निम्म्याहून कमी रिसेप्टर पोचतात. त्याच जनुकातल्या के२८९एममध्ये दोष वेगळा: पेशीला शांत करणाऱ्या क्लोराईडची रिसेप्टरमधली वाट उघडते, पण फार लवकर मिटते. म्हणून नुसतं जनुकाचं नाव कळून भागत नाही.

औषधांबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. गाबाच्या जनुकांत बिघाड सापडला तरी बऱ्याचदा औषध बदलत नाही. पण ग्रिन२ए घ्या. हे पेशींना उत्तेजित करणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरचं जनुक. त्यातल्या काही बदलांनी रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त काम करतो, काहींनी कमी. मेमँटिन हे औषध या रिसेप्टरची उघडी वाट बुजवतं, त्यामुळे त्याचा विचार पहिल्या प्रकारातच करता येतो, आणि तिथेही गुण येईलच असं नाही. दुसऱ्या प्रकारात आधीच मंदावलेलं काम आणखी दाबलं जाईल. रिपोर्टवर नाव मात्र दोन्हीकडे ग्रिन२एच! रिसेप्टरबाहेरचं उदाहरण एससीएन१ए या सोडियम वाहिनीच्या (पेशीत सोडियम आत घेणाऱ्या वाटेच्या) जनुकाचं: त्यातल्या बिघाडाने बहुधा होणाऱ्या ड्रावे सिंड्रोम या लहानपणीच्या गंभीर अपस्मारात कार्बामाझेपिन या फिटच्याच औषधाने झटके वाढू शकतात, म्हणून तिथे निदान लवकर होणं फार मोलाचं.

रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल तर त्यावरून औषध बदलू नका. आईवडिलांचेही नमुने तपासून घ्या. बदल दोघांतही नसेल, म्हणजे मुलात नव्याने आलेला असेल, तर संशय बळावतो. निरोगी आईत किंवा वडिलांत सापडला तर बहुधा कमी होतो. पूर्ण मिटत नाही, कारण तोच बदल घरातल्या एकाला फक्त तापातल्या झटक्यांवर सोडतो आणि दुसऱ्याला गंभीर अपस्मार देतो.