भित्र्यावर सक्ती आणि दांडग्याला मोकळीक? एका आजोबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया तळमळीची आहे, म्हणून दोन ओळींत न आटोपता वेगळं लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलांना शांत व्हायला मदत कशी करावी या माझ्या लेखात मी म्हटलं होतं की शाळेच्या भीतीने रडणाऱ्या मुलीला घरी ठेवू नका, आणि वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलाला मारू नका, हालचाल करू द्या. त्यावर काका लिहितात, "भित्र्यावर सक्ती आणि दांडग्याला मोकळीक, हा उफराटा न्याय झाला. आमच्या वेळी दोन धपाटे बसले की पोरं सरळ व्हायची. मोबाईल आणि चॉकलेट बंद करा, एवढं पुरे. पोरांना डॉक्टरकडे कशाला पाठवता?" काकांचा सात वर्षांचा नातू दिवसभर त्यांच्याकडेच असतो, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या घरातला आहे.

आधी भीतीचं. सकाळी दप्तर बघून मुलीच्या पोटात दुखायला लागतं ते खरंच दुखत असतं, सोंग नसतं. आपण म्हणतो, "राहू दे आज." अर्ध्या तासात पोट थांबतं, मुलगी खेळायला लागते. तिच्या मनावर एवढंच ठसतं की शाळेत गेले नाही म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी भीती कमी होत नाही, वाढलेलीच असते. म्हणून घरी ठेवायचं नाही. पण फरफटत नेऊन वर्गात ढकलायचं, असंही मी म्हटलेलं नाही.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरायचा. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात घालून दूर ठेवायचा, आणि हळूहळू, त्याला झेपेल तसा, जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. लहान मुलांच्या भीतीवर आजही मूळ मार्ग हाच आहे.

आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई आधी वर्गाबाहेरच्या बाकावर बसायची. मग ती जिन्यापाशी थांबू लागली, मग गेटपाशी, आणि शेवटी मुलगी घरूनच रिक्षावाल्या काकांबरोबर यायला लागली. प्रत्येक टप्प्यावर ती रडली. तरी आईचं वाक्य ठरलेलं होतं, "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तुला जमेल हेही मला माहीत आहे." पुढे काही नाही. 'काही होणार नाही ना?' हे मूल दहादा विचारतं आणि आपण दहादा उत्तर देतो, त्यातून अकरावा प्रश्न तयार होतो. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी चिंताविकार असलेल्या 124 मुलांचा अभ्यास केला. एका गटात मुलांवर उपचार झाले, दुसऱ्या गटात मुलांना न भेटता फक्त पालकांना असं वागायला शिकवलं. दोन्ही गटांतल्या मुलांमध्ये सारखीच सुधारणा दिसली. हा अभ्यास 2020 चा आहे. घरातली मोठी माणसं किती करू शकतात, हे यावरून मला फार जाणवतं.

आता दांडगा. 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने मुलांच्या मेंदूची चित्रं तपासली. मेंदूच्या बाहेरच्या थराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलं साधारण साडेसाताव्या वर्षी गाठतात, तो एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही असा विकार) असलेली मुलं साडेदहाव्या वर्षाच्या सुमारास गाठतात. क्रम तोच असतो, फक्त उशीर होतो. तुमच्या नातवाला एडीएचडी आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण अशा मुलाला धपाटा घातला की तो थांबतो तो भीतीने. स्वतःला आवरायचं कसं, हे त्याला त्यातून कळत नाही. शाळेत तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारायला बंदीच आहे.

तुमच्या वेळी पोरं सरळ व्हायची म्हणता. काका, तेव्हाची पोरं शाळेत चालत जायची, विहिरीचं पाणी भरायची, अंधार पडेपर्यंत विटीदांडू खेळायची. आणि जी सरळ झाली नाहीत त्यांचं काय झालं? चौथीतून शाळा सुटली, कुणी गुरांमागे गेलं, कुणी हॉटेलात कपबशा विसळायला लागलं. त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. मला ती मुलं विसरता येत नाहीत.

मोकळीक म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. वह्या गोळा करणं, फळा पुसणं, उभं राहून लिहिणं हे सगळं चालेल, पण काम पूर्ण करायचं. सूचना एका वेळी एकच, तीही त्याच्या जवळ जाऊन, नजर मिळाल्यावर. स्वयंपाकघरातून ओरडून नाही.

मोबाईलबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे, विशेषतः झोपायच्या आधी. चॉकलेट मात्र दातांसाठी कमी करा, मूल शांत होईल म्हणून नाही. 1994 च्या एका प्रयोगात काही आयांना सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात साखर कुणालाच दिली नव्हती. तरी त्या आयांना आपला मुलगा जास्त चळवळ्या वाटला, आणि त्या त्याला जास्त टोकत राहिल्या.

ऐन भडक्यात समजावणं कानात शिरत नाही. तेव्हा आपला आवाज खाली आणायचा, शेजारी बसायचं, कमी बोलायचं. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, पण ते जमायला सराव लागतो, आणि तो बऱ्या वेळी करायचा. संध्याकाळी नातवाबरोबर साबणाचे फुगे उडवा. जोरात फुंकलं की फुगा फुटतो, हळू आणि लांब फुंकलं तरच मोठा होतो. श्वासाचं व्याख्यान द्यावंच लागत नाही.

डॉक्टरकडे प्रत्येकाला पाठवू नका. चुळबुळ सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडे असेल आणि तिच्यामुळे अभ्यास, मैत्री अडत असेल, तर मात्र दाखवा. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत तपासणीला येतं, आणि अनेक जिल्ह्यांत मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. सरकारची 14416 ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवरून सल्ला देणारी सेवा मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाताना वर्गशिक्षिकेकडून चार ओळी लिहून घ्या. तो शाळेत कसा असतो हे डॉक्टर विचारतीलच, आणि ते तुम्हाला घरून दिसणार नाही.