भूकंप आला तर आधी प्रमुख पाहुण्यांची वाट पाहा

नागपूरकर पालकहो, आपत्तीची तयारी कशी करतात हे मला गेल्या आठवड्यात कळलं. मुलीच्या शाळेत आपत्ती व्यवस्थापन सप्ताह होता. तिथे मिळालेलं ज्ञान फुकटात वाटतेय, घ्या.

सर्वात आधी थर्माकोल आणा. रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या भूकंपरोधक घराचं मॉडेल आणणे.' मग सीताबर्डीची दुकानं बंद व्हायच्या आत धावा. (सजावटीच्या थर्माकोलला राज्यात 2018 पासून बंदी आहे, पण आपत्तीला सूट असावी.) किल्लारीत 1993 साली मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर का कोसळल्या, हे पोरीला सांगत बसू नका. फेव्हिकॉल वाळायला हवा.

भूकंपाची भीती तर अजिबात बाळगू नका. नागपूर भूकंपाच्या नकाशात झोन दोनमध्ये, सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे निवांत. किल्लारीही तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्याच पट्ट्यात होती, पण ते जाऊ द्या. डिसेंबर 2024 मध्ये तेलंगणातल्या मुलुगूला 5.3 चा धक्का बसला आणि इथे सकाळी सकाळी पलंग हलले, तेव्हा आपण शास्त्रशुद्ध प्रतिसाद दिलाच की: 'तुम्हाला जाणवलं का?'

महत्त्वाचे कागद पलंगाखालच्या पेटीत ठेवा. पुराला सोपं जातं.

गच्चीला कुलूप हवंच.

आता मॉक ड्रिल. ही नीट शिकून घ्या. पोरं नऊ वाजल्यापासून मैदानात उन्हात बसवायची, कारण पाहुणे यायचे असतात. पाहुणे अकराला येतात. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, 'आजची मुलं उद्याचे नागरिक'. मग पोरांना वर्गात पाठवायचं आणि घंटा वाजवायची. घंटा झाली की बेंचखाली शिरा, डोकं झाका, बेंचचा पाय घट्ट धरा. सूचना अगदी बरोबर आहे. फक्त शाळेच्या बेंचला खाली पाय ठेवायची आडवी पट्टी आहे आणि दप्तराचा कप्पा आहे, त्यामुळे सहावीतलं पोट्टं त्यात शिरत नाही. माझी मुलगी अर्धी आत, अर्धी बाहेर. मॅडम म्हणाल्या, 'चालेल, फोटोत डोकंच दिसतंय.'

मग रांगेने मागच्या गेटकडे. गेटला कुलूप. सगळ्या वर्गांची पोरं त्या बोळकांडीत एकमेकांच्या पाठीला चिकटून उभी, मागून अजून येतच आहेत, पुढे लोखंडी गेट. शिपाई शांतपणे म्हणतो, 'चाबी तं सरांकडे आहे, अन् सर पाहुण्यांसोबत नाश्त्याला बसले.' मग सगळ्यांना उलटं फिरवलं आणि पुढच्या गेटने काढलं. तिथे पाहुण्यांची गाडी आडवी लावलेली, एकेक पोर तिच्या कडेने अंग चोरून बाहेर! संध्याकाळी ग्रुपवर फोटो आणि खाली ओळ: 'सर्व विद्यार्थी अवघ्या तीन मिनिटांत सुरक्षित बाहेर.' त्याखाली पालकांचे टाळ्यांचे इमोजी. मी गेटबद्दल विचारलं तर उत्तर आलं, 'ताई, मागून बाहेरची माणसं घुसतात, म्हणून बंद ठेवतो.' बरं. मग आग लागली की बाहेरच्यांना आधी विचारू, येऊ का म्हणून?

कुंभकोणमच्या शाळेत 2004 साली 94 मुलं जळून मेली. छप्पर गवताचं आणि निघायला वाट अरुंद. हे शाळांना माहीत नाही असं नाही. राष्ट्रीय फायर सर्व्हिस कॉलेज आपल्या गावात, एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमी आपल्या गावात. अख्ख्या देशातली माणसं इथे येऊन शिकून जातात आणि आपल्या शाळेतल्या अग्निशामक नळकांड्याच्या दाबाचा काटा लालमध्ये पडलेला असतो! एक फोन करून त्यातल्या कुणाला बोलावलं का? नाही. त्यांच्यासोबतच्या फोटोला वजन नसतं ना.

सप्टेंबर 2023 आठवतो? काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये आली. मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना पाण्यातून काढावं लागलं. त्यांना अंधारात हाक मारून उपयोग नव्हता, हे डोक्यात येतंय का तुमच्या? त्यानंतर तुमच्या घरी काय बदललं? मेन स्विच कुठे आहे हे तुमच्या पोराला माहीत आहे? पाणी शिरलं, फोन बंद पडले, तर सगळ्यांनी कुठे भेटायचं हे ठरलंय? गच्चीची चाबी कुणाकडे आहे? सेक्रेटरी पुण्याला गेला असेल तर?

उपरोध पुरे झाला. शाळेला शिव्या देऊन मोकळं होता येतं, पण पालकसभेत तुम्ही काय विचारता ते मी ऐकलंय. अर्धा मार्क कुठे कापला, यावर वीस मिनिटं. गेटवर एक जण बोलला नाही, उलट मी बोलले तर मागून 'जाऊ द्या ना ताई, उशीर होऊन राहिला.' उशीर कसला? पोरं तुमची आहेत. गेटचं कुलूप शाळेच्या वेळात उघडं राहील असं मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या, जिन्याखालची रद्दी आणि मोडके बेंच उचलायला लावा, आणि पुढची ड्रिल पाहुण्यांशिवाय, न सांगता, भर तासाला घ्यायला सांगा. नाही म्हणाले तर सगळे मिळून जा. एकट्या बाईला 'बघू' म्हणून घरी पाठवतात.