'जिस लाहौर नइ देख्या' पाकिस्तानी प्रचार आहे म्हणे!

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. 'जिस लाहौर नइ देख्या ओ जम्याइ नइ' हे पाकिस्तानी नाटक आहे, फाळणीत निर्वासित झाले ते फक्त आपले पण हे मुसलमानांसाठी रडवतं, हिंदूंचं दुःख झाकतं आणि वर सगळे मुसलमान देवमाणसं दाखवतं. लिहिणाऱ्याने नाटक उघडून तरी पाहिलंय का शंका आहे.

पाकिस्तानी? नाटकाचे लेखक असगर वजाहत उत्तर प्रदेशातल्या फतेहपूरचे, दिल्लीत जामिया मिलिया विद्यापीठात हिंदी शिकवायचे, आणि 1990 मध्ये नाटक पहिल्यांदा बसवलं दिग्दर्शक हबीब तनवीरांनी, तेही दिल्लीत. उलट कराचीत पोलिसांनी परवानगी नाकारली म्हणून तिथल्या मंडळींना गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जर्मन लोकांच्या जागेत प्रयोग करावा लागला. पाकिस्तानी प्रचार पाकिस्तानच्याच पोलिसांना नको होता का मग?

निर्वासित फक्त आपले, हेही चूक. 1951 च्या जनगणनेत दोन्ही देशांत प्रत्येकी 70 लाखांवर निर्वासित मोजले गेलेत. आपल्याला उल्हासनगरचे कॅम्प माहीत असतात, तिकडे पूर्व पंजाबातून गेलेल्यांचे तसेच कॅम्प होते. नाटकातला शायर नासिर काझमी खराखुरा माणूस, अंबाल्याहून लाहोरला गेलेला.

आणि हिंदूंचं दुःख झाकलं म्हणजे तर कहर झाला, अहो अख्खं नाटक एका हिंदू म्हातारीभोवती फिरतं! लखनौहून आलेल्या सिकंदर मिर्झाला कस्टोडियनकडून, म्हणजे निघून गेलेल्यांची घरं सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडून, लाहोरात हवेली अलॉट होते, कॅम्पातून सुटलो एकदाचे म्हणून घरचे खूश, आणि वर राहत असते रतनची आई. तिचा जवाहिऱ्या मुलगा दंगलीत गेलाय, पण तो येईल म्हणून ही बाई घर सोडायला तयार नाही. मिर्झाकडे सरकारी कागद, हिच्याकडे नुसता हट्ट. मिर्झांचं कुटुंबही काही संतांचं नाही हां, म्हातारीचा काटा काढायचा विचार आधी त्याच घरात होतो. पुढे ती गल्लीतल्या सगळ्यांच्या अडीनडीला धावते, त्या घरात दिवाळी लावते आणि हळूहळू घरातली मोठी माणूस होऊन बसते.

देवमाणसांचं म्हणाल तर हवेलीवर डोळा ठेवून असलेला याकूब पहिलवान कोण आहे? म्हातारी गेल्यावर मौलवी सांगतात, तिच्या धर्माप्रमाणे रावीकाठी दहन करा, आणि याच गोष्टीचा राग धरून गुंड त्या मौलवींना मशिदीत मारतात. लेखकाने कुणालाच सोडलेलं नाही.

टीकेला जागा आहेच की. मधला भाग जरा गोडगोड होतो, नासिरला शेर मारायला फार वेळ दिलाय, आणि लाहोरच्या बहुतेक हिंदू-शिखांना घर सोडून पळावंच लागलं, त्यांच्यातलं कुणीच रंगमंचावर येत नाही. यावर भांडायचं असेल तर मीही तुमच्या बाजूने येतो.