‘सोलापूरच्या पोरांना परदेशात कोण घेतंय?’ या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला सात जणांनी पाठवला. दोन पालक, एक सहकारी, बाकी माझे विद्यार्थी. मजकूर थोडक्यात असा: ‘परदेशातल्या उन्हाळी रिसर्च इंटर्नशिप फक्त आयआयटीवाल्यांना मिळतात. बाकीच्यांना लाख-दोन लाख मोजावे लागतात. नऊच्या वर सीजीपीए (दहापैकी सरासरी गुण) आणि छापलेला रिसर्च पेपर नसेल तर अर्जच करू नका. प्रोफेसरांना ईमेल टाकून काही होत नाही. सोलापूरच्या मुलांनी त्यापेक्षा एखादा कोर्स करावा.’

मी इथल्याच एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हा मेसेज वाचून माझ्या वर्गातल्या दोघींनी अर्धा भरलेला अर्ज सोडून दिला. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘फक्त आयआयटीवाल्यांना’. हे एका योजनेच्या बाबतीत काहीसं खरं आहे. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची ‘वाइज’ ही इंटर्नशिप योजना कोणत्या संस्थांतल्या मुलांना घेणार याची यादी ठरलेली असते. आपल्या कॉलेजाचं नाव त्यात नसेल तर तो नाद सोडायचा. डाडचीच ‘राइज जर्मनी’ नावाची दुसरी योजना आहे. ती उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे. नाव सारखं म्हणून आपली मुलं तिकडे अर्ज करतात, नकार येतो आणि ‘सोलापूर बघून नाकारलं’ असा समज होतो. ती योजनाच आपली नव्हती.

पण या दोन दारांवरून सगळी दारं बंद ठरवणं चुकीचं आहे. कॅनडातली मायटॅक्स ग्लोबलिंक ही रिसर्च इंटर्नशिप १२ आठवड्यांची असते आणि त्यात भारतातून मुलं जातात. फ्रेंच दूतावासाची शारपाक लॅब शिष्यवृत्ती भारतातल्या कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठीच आहे. फ्रान्समधल्या एखाद्या प्रयोगशाळेचं ‘या’ असं पत्र मात्र आधी मिळवावं लागतं. (जॉर्ज शारपाक यांना १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कणांचा माग काढणारं उपकरण त्यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत बनवलं होतं.) त्याच सर्नचा भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे. तिथल्या उन्हाळी कार्यक्रमाला विद्यापीठातली तीन वर्षं पूर्ण झालेली लागतात, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपवणारी मुलं त्यात बसू शकतात. जपानात ओकिनावाची विज्ञान-तंत्रज्ञान संस्था इंटर्न घेते. ती विमानभाडं, राहायची सोय आणि रोजचा भत्ता देते.

यातूनच पैशाच्या मुद्द्याचंही अर्धं उत्तर मिळतं. मायटॅक्स, ओकिनावा आणि सर्न मुलाकडून पैसे घेत नाहीत, उलट देतात. ‘परदेशी विद्यापीठात इंटर्नशिप, फक्त दीड लाख’ असं सांगणारे असतात ते एजंट. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी तसे पैसे भरले. हातात आलं ते तीन आठवड्यांच्या ऑनलाइन व्याख्यानांचं सर्टिफिकेट. तो मुलगा हुशार होता, त्याला वेळेवर सांगणारं कोणी नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

तरी खर्च शून्य असतो असं मी म्हणणार नाही. पासपोर्टचे १५०० रुपये, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईची फेरी, थंडीचे कपडे. काही योजनांत राहण्या-खाण्याचा भत्ता मिळतो पण तिकीट आपल्यालाच काढावं लागतं. भत्ता तिथे पोचल्यावर हाती येतो, पहिले काही दिवस खिशातून काढावे लागतात. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या आईबापांना ही रक्कम मोठी आहे. म्हणून घरी हिशेब आधीच मांडा, आणि तिकिटासकट सगळं देणाऱ्या योजनांचे अर्ज आधी भरा.

आता सीजीपीए, पेपर आणि ईमेल. हे तिन्ही मी एका मुलीच्या गोष्टीतून सांगते.

ती सांगोल्याकडची. वडिलांची डाळिंबाची बाग, आणि बागेवर तेल्या. फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं आणि आडतीवर कोणी हात लावत नाही. पावसाळाभर दर रविवारी घरी गेली की ती लाल सुतळी बांधलेल्या ठरावीक फांद्यांवरची चाळीस पानं तपासायची, डाग मोजायची आणि वहीत लिहायची. सोमवारी त्यातली दोन-चार पानं डब्यातून माझ्या प्रयोगशाळेत यायची. जिवाणू वाढवायच्या प्लेटवर त्यांच्या पिवळ्या, चिकट वसाहती उगवल्या त्या दिवशी ती डबा खायचा विसरली. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास, आणि तो असाच पिवळा वाढतो. तिचा सीजीपीए ७.८ होता. पेपर एकही नव्हता. होती ती फक्त वही.

मायटॅक्सने तिला नाकारलं. तिथे गुणांची अट असते आणि स्पर्धाही मोठी. मग तिने मला ईमेल दाखवला, जो तिने १४० जणांना पाठवला होता. ‘आपल्या महान संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झाले आहे.’ सगळ्यांना तेच वाक्य. त्यातले एक गृहस्थ निवृत्त झाले होते, एक खगोलशास्त्रज्ञ होते. या ईमेलला उत्तर आलं नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याचा अनुभवही बहुधा असाच असावा.

आम्ही तो ईमेल नऊ ओळींचा केला. पहिल्या दोन ओळींत बाग आणि चाळीस पानं. पुढे पावसाच्या आठवड्यानंतर डागांचे आकडे कसे चढले ते, वहीच्या एका पानाच्या फोटोसह. मग त्या प्रयोगशाळेच्या एका लेखातला तिला खरोखर पडलेला एक प्रश्न. शेवटी तारखा. तो ईमेल झँथोमोनासवर काम करणाऱ्या अकरा जणांनाच गेला. तिघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाने फ्रान्समधून होकार कळवला. तिकिटाचे पैसे वडिलांनी डाळिंबाच्या विक्रीच्या पट्टीतून दिले. तेल्याच्या भीतीने पावसाळ्यातला मृग बहार सोडून त्यांनी त्या वर्षी पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरला होता.

तिचं इंग्रजी अडखळत होतं. पण घरी मराठी, हॉस्टेलवर मैत्रिणींशी तेलुगू, बाजारात कन्नड, असं रोज बोलणाऱ्या मुलीला चौथ्या भाषेत चुका करत बोलायची भीती फार दिवस राहत नाही.

शिफारसपत्राबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही, आणि आम्हा शिक्षकांचा दोष मला तिथेच दिसतो. ‘मॅडम, मी लिहून आणलंय, सही करा’ असं मुलं म्हणतात आणि आम्ही सही करतो. मीही केली आहे. असं पत्र निवड करणारा पहिल्या दोन ओळींत ओळखतो. त्या मुलीच्या पत्रात लाल सुतळी होती, कारण ती मी पाहिली होती.

आणि आता तारखा. सोलापूरच्या मुलांची संधी बहुतेक वेळा जाते ती इथे. उन्हाळी इंटर्नशिपची चौकशी आमच्याकडे एप्रिलमध्ये सुरू होते, ऊन चढलं की. तोवर बहुतेक योजनांचे अर्ज बंद झालेले असतात. मायटॅक्सची मुदत सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आसपास संपते. डाडची दिवाळीच्या सुमारास. सर्नची जानेवारीअखेर, गड्ड्याची यात्रा चालू असताना. म्हणजे जायच्या आधीच्या जुलैतच पासपोर्टचा अर्ज टाकलेला हवा आणि कोणत्या सरांकडून पत्र घ्यायचं तेही ठरलेलं हवं.

शेवटचा मुद्दा, ‘त्यापेक्षा कोर्स करा’. कोर्स जरूर करा. पण दोन महिने दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत बसून, फसलेला प्रयोग तिसऱ्यांदा लावून जे शिकायला मिळतं, ते कोर्समध्ये नसतं. त्यासाठी परदेशच हवा असंही नाही. भारतातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, तिचे अर्ज नोव्हेंबरात असतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत भौतिकशास्त्राच्या मुलांना सुट्टीत काम मिळतं. परदेशचे अर्ज भराल तेव्हा हेही सोबत भरा.

ज्या दोघींनी अर्ज अर्धा सोडला आहे, त्यांनी आणि आणखी कोणाला यायचं असेल त्यांनी शनिवारी दुपारी दोननंतर माझ्या प्रयोगशाळेत यावं. येताना गुणपत्रिका नको, जे काही स्वतः करून पाहिलंय त्याची वही आणा.