घरातली मराठी आणि 'कच्चं' इंग्रजी : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस परिसरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषांवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : "तुमच्यासारखे पालक घरी मराठीचा हट्ट धरतात, म्हणून मुलं इंग्रजीत कच्ची राहतात. सरकारी तक्ताच बघा." शिवाय लेख लांबलचक आहे आणि मला मायदेशाचे कढ येतात, हेही.

लेख लांब आहे, मान्य. पण 'तुमच्यासारखे पालक' हे कुठून आलं? आपली ओळख ना देख. मत पटलं नाही तर खुशाल खोडून काढा, पण परक्याच्या घरात शिरून त्याला मुलं कशी वाढवावीत हे सुनावायचं, ही कुठली रीत?

आता तक्ता. तो निघतो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतून, म्हणजे तिथल्या जनगणना खात्याच्या पाहणीतून. तीत पाच वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाबद्दल विचारतात, घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते का ही व्यक्ती? 'हो' म्हटलं तरच पुढचे प्रश्न : कोणती भाषा, आणि इंग्रजी कितपत येतं. 'नाही' म्हणणाऱ्याच्या इंग्रजीची विचारपूसच होत नाही. मग आमची मुलं कच्ची ठरवलीत ती कोणाशी ताडून? उत्तरं चार : फार चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. पहिलं सोडून काहीही लिहिलं की माणूस इंग्रजी कमी येणाऱ्यांत जमा. परीक्षा नाही की काही नाही. बहुतेकदा घरातलं एकच माणूस सगळ्यांची उत्तरं भरतं.

आमच्याकडे तो फॉर्म आला तेव्हा मीच भरला. वडील त्या वेळी आमच्याकडे राहत होते. हयातभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस! त्यांना विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, "'चांगलं' लिही. 'फार चांगलं' असं आपणच आपल्याबद्दल कसं लिहायचं?" मी तसंच लिहिलं. तुमच्या हिशेबात तेही कच्चेच.

आणि तक्त्यातल्या ज्या ओळीवर तुमची सगळी भिस्त आहे, ती एकट्या मराठीची नाहीच. सविस्तर तक्त्यात नेपाळी, मराठी आणि उरलेल्या भारतीय-आर्य भाषांचा एकच गट आहे. कोलंबसला भूतानमधून हुसकावलेल्या नेपाळीभाषकांची मोठी वस्ती आहे. नेपाळमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढून २००८ पासून ही माणसं अमेरिकेत येऊ लागली, त्यात म्हातारेकोतारेही होते. त्यांचा आकडा उचलून आमच्या माथी मारता? त्यांच्यावरही तो ठपका नव्हे. कोणत्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, मतपत्रिका दुसऱ्या भाषेतही द्यायची, हे १९७५च्या कायदादुरुस्तीनुसार अशाच आकड्यांवरून ठरतं. लोकांची सोय व्हावी म्हणून हे मोजतात, कुणाच्या संसाराला मार्क द्यायला नाही.

माझी थोरली शाळेत गेली ती जेमतेम चार इंग्रजी शब्द घेऊन. आज ती शाळेच्या वार्तापत्राची संपादक आहे आणि आजीशी फोनवर मराठीत भांडते. एवढा पुरावा मला पुरेसा आहे.

मायदेशाच्या कढांबद्दल मी काही बोलणार नाही. आकड्यांवर बोलायचं असेल तर जरूर लिहा, पण आधी ती ओळ पूर्ण वाचा. माझ्या मुलांचा विषय मात्र पुन्हा काढू नका.