‘उरलेल्या सामानाचं यान’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

मंगळाकडे गेलेलं मार्स एक्सप्रेस आणि शुक्राकडे गेलेलं व्हीनस एक्सप्रेस या एकाच आराखड्यावरच्या दोन यानांबद्दल मी लिहिलं, त्याखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं असं: युरोपीय अवकाश संस्थेनं शुक्राकडे ‘उरलेल्या सामानातून जुळवलेलं यान’ धाडलं, अमेरिकेत असा प्रयोग मार्स ऑब्झर्व्हर या मंगळयानाच्या वेळीच फसला होता, खर्च वाचतो ही दंतकथा आहे, आणि मी हे सगळं ‘कारखान्यात पाऊलही न ठेवता’ लिहिलंय.

आधी माझी चूक. दोन्ही यानांवरची अँटेना सारखीच, असं मी लिहिलं होतं. ते चुकलं, लेखात दुरुस्त केलंय. पण हे एका ओळीत सांगता आलं असतं. त्यासाठी मला ‘अर्धवट माहितीवर पोसलेला हौशी’ म्हणायची काय गरज होती?

कारखान्याचं म्हणाल, तर मी चोवीस वर्षं पंपांच्या ड्रॉइंगवर काढली आहेत. केसिंगचा, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचा, एकच पॅटर्न (ओतकामाचा नमुना) गार पाण्याच्या पंपालाही चालायचा आणि गरम तेलाच्याही. तेलासाठी धातू बदलायचा, सील बदलायचं, बेअरिंग थंड ठेवायची सोय करायची. पॅटर्न तोच ठेवायचा, कारण ओतकामात पोकळी कुठे राहते हे फौंड्रीतल्या माणसांना पाठ होतं. मग एक नवे साहेब आले आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवं केसिंग काढायचा हुकूम निघाला. पुढची दोन वर्षं आम्ही रिजेक्शनचे ढीग उपसले. म्हणून ‘उरलेलं सामान’ हे शब्द मला लागले.

शुक्राजवळ मंगळापेक्षा चौपटीहून जास्त ऊन. म्हणून मार्स एक्सप्रेसचं काळं आवरण जाऊन सोनेरी आलं. सौरपंखे, म्हणजे उन्हावर वीज करणारी पॅनेलं, जवळपास निम्मे केले, त्यांतले वीज करणारे घट गॅलियम आर्सेनाइड या पदार्थाचे घेतले आणि पंख्यांवर उष्णता परतवणारे पट्टे बसवले. सांगाडा जुना, पण उन्हाला तोंड देणारा प्रत्येक भाग नव्यानं विचार करून बसवलेला.

आणि ज्या अँटेनावरून तुम्ही मला पकडलंत, तीच बघा. मंगळावरून पाहिलं तर पृथ्वी सूर्यापासून फार लांब जात नाही, त्यामुळे तिकडे एका बाजूच्या अँटेनेवर भागतं. शुक्रावरून मात्र पृथ्वी कधी सूर्याच्या बाजूला असते, तर कधी बरोबर उलट दिशेला. यानाची थंड ठेवायची बाजू उन्हात येऊ नये म्हणून दुसऱ्या अंगाला आणखी एक छोटी अँटेना लावली. उरलंसुरलं जोडणारी माणसं इतका विचार करतात का?

‘स्पेअर’ या शब्दाचाही तुम्ही विपर्यास केलात. उड्डाणाच्या उपकरणाबरोबर दुसरं तसंच बांधतात, तपासतात, ऐनवेळी पहिलं बिघडलं तर चढवता यावं म्हणून. ती अडगळ नव्हे. मार्स एक्सप्रेस आणि धूमकेतूकडे गेलेल्या रोझेटा या यानासाठी झालेल्या अशा कामावरच व्हीनस एक्सप्रेसची बहुतेक उपकरणं उभी राहिली. मार्स एक्सप्रेसच्या सांगाड्याचं काय करता येईल, अशी विचारणा २००१ मध्ये झाली आणि ९ नोव्हेंबर २००५ ला यान बैकानूरहून निघालंसुद्धा. एप्रिल २००६ मध्ये ते शुक्राच्या कक्षेत शिरलं. पाचशे दिवसांसाठी बेतलेलं हे यान २०१४ पर्यंत काम करत होतं.

व्हीनस एक्सप्रेसवरच्या पीएफएस या वातावरण तपासणाऱ्या उपकरणाचा आरसा अडकला, हे खरं. सातांतलं एक.

मार्स ऑब्झर्व्हरचा संपर्क १९९३ मध्ये मंगळ तीन दिवसांवर असताना तुटला, हे मलाही ठाऊक आहे. पण त्याचा आराखडा पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांवरून घेतलेला होता, तो विषय वेगळा. खर्चावर तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत, त्यात मी पडत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी ‘तुम्हाला अक्कल आहे का’ हे वाक्य वगळून लिहा, म्हणजे आकड्यांवर बोलता येईल.